पानिपताऐवजी आधी कित्तूर मांडूया
बेळगावच्या गेमिंग कन्व्हेन्शनमध्ये मिनिएचरची, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायची लढाई घ्यायची तर पानिपतच, असं एकानं सुचवलंय. पानिपत मलाही हवंय, पण २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांनी नको. एवढी लांब फळी, गारद्यांच्या म्हणजे कवायती पायदळाच्या पलटणी, तोफा आणि मागं बुणगे (फौजेबरोबरची न लढणारी माणसं), हे सगळं सहा बाय चार फुटांच्या टेबलावर मावणार नाही. त्याला ६ मिलिमीटरचेच सैनिक हवेत.

यंदा कित्तूर घेऊया. २३ ऑक्टोबर १८२४. किल्ल्यात कित्तूरची राणी चन्नम्मा, दरवाज्याशी तोफा घेऊन आलेला धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे. दरवाजा एकदम उघडला, आतली फौज तुटून पडली आणि थॅकरे मारला गेला. टेबलावर यातला सगळा थरार लपवाछपवीत आहे. दरवाजा कितव्या डावाला उघडणार हे कित्तूरच्या खेळाडूनं चिठ्ठीवर लिहून पंचाकडं द्यायचं, इंग्रजांच्या बाजूला सुगावा लागता कामा नये. (प्रशियात रायस्विट्झ या लष्करी अधिकाऱ्यानं फासे आणि पंच असलेल्या युद्धखेळाचे नियम छापले, तेही १८२४ मध्येच!)

किल्ला विकत आणू नका. दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले करणारी पोरं आपल्याकडं आहेत, तटबुरूज त्यांच्याकडून करून घ्या आणि त्यांना खेळायलाही बसवा. फक्त बाजारातले मातीचे मावळे नकोत, २८ मिलिमीटरच्या शेजारी ते फार मोठे दिसतात. नियमांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा. किल्ला पडला तो डिसेंबरातला वेढा दुसऱ्या दिवशी खेळू.