बडोदे: आईच्या सोबतीला बाई ठेवायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

मांजलपूरची लेक
आई ७९ वर्षांची, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एकटी राहते. मी दर रविवारी जाते. दार उघडते तेव्हा साडी नीट नेसलेली, चहाचं आधण चढवलेलं. फोनवर तर ‘माझं सगळं व्यवस्थित आहे गं’ एवढंच. गेल्या बुधवारी न सांगता गेले. साडेअकरा वाजले होते, आंघोळ नाही, अंगावर रात्रीचीच साडी. ओट्याखाली दुधाची दोन करपलेली पातेली फडक्याखाली लपवून ठेवलेली. महिनाअखेरीस बीपीच्या ११ गोळ्या शिल्लक, साखरेच्या मात्र आठ दिवस आधीच संपलेल्या. पोलकं अंगात लोंबत होतं. बाई ठेवू या म्हटलं तर रडायलाच लागली. भाऊ म्हणतो, या वयात एवढं चालायचंच. खरंच चालायचं का?

सुरसागरकाठ
नाही चालायचं, ताई. साखरेच्या गोळ्या लवकर संपल्या म्हणजे कधीतरी दोनदा घेतल्या गेल्या असणार. एकटी असताना साखर एकदम उतरली तर हाक मारायचंही भान राहत नाही. उद्याच डॉक्टरांकडे न्या. बी-१२, थायरॉइड, सोडियम आणि लघवी तपासायची का, ते विचारा. म्हातारपणी लघवीच्या संसर्गाने ताप नसतानाही माणूस गोंधळतो. आमच्या सासूबाईंचं तेच होतं आणि आम्ही दोन महिने ‘विसराळूपणा’ म्हणत बसलो. अजून मनाला लागतं ते.
ती लपवलेली पातेली वाचून पोटात कालवलं. आईंना स्वतःला कळतंय आणि त्या घाबरल्या आहेत. त्यावरून बोलू नका. आम्ही आधी बाई ठेवली ती फक्त सकाळचे दोन तास, न्हाऊ घालायला. महिन्याभरात सासूबाई तिला वाटली डाळ शिकवत होत्या.

कारेलीबाग, निवृत्त नर्स
आईंचं चालणं बघा. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याची भीती आहे. भिंतीला हात लावत चालतात का? मोरीत पकडायला दांडी बसवा, रात्री दिवा चालू ठेवा.
आंघोळ, जेवण, सोबत यांना आया पुरते. इंजेक्शन, नळी, जखमेचं ड्रेसिंग असेल तरच नर्स. ही कामं आयाकडून कधीही करून घेऊ नका. ठेवण्याआधी पोलीस पडताळणी कराच. सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ते दवाखान्यात भरती होण्यासाठी. बाईचा पगार त्यातून निघत नाही, तेव्हा भावाशी पैशांचं आत्ताच बोला. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

मांजलपूरची लेक
काल नेलं. बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. साखरेची गोळी आता मी रोज फोन चालू ठेवून माझ्यासमोर घ्यायला लावते. पातेल्यांचं काही विचारलं नाही, घासून जागेवर ठेवली. सोमवारपासून शेजारच्या बेनच्या ओळखीची बाई येईल, पडताळणीचा अर्ज दिलाय. आईला सांगितलं, तुला न्हाऊ घालेल आणि तुळशीच्या कुंड्या हलवेल. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘साखर किती घेते चहात, विचारून ठेव.’