एलिझाबेथ फिलपॉटचं नाव राहिलं की

फॉसिल्स (जीवाश्म) शोधणाऱ्या मेरी ॲनिंगबद्दल इथे छान लिहिलं गेलंय, पण इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर तिच्याबरोबर फॉसिल्स शोधत हिंडणाऱ्या एलिझाबेथ फिलपॉटचं नाव कुणीच काढलं नाही, वयानं वीसेक वर्षांनी मोठी पण मैत्री एकदम घट्ट. बेलेम्नाइटच्या (माकुलच्या जातकुळीतला प्राणी) फॉसिलमध्ये मेरीला सुकलेल्या शाईची पिशवी सापडली, तर एलिझाबेथनं ती शाई पाण्यात कालवून 1833 मध्ये चक्क इक्थिओसॉरचं (समुद्रात राहणारा, आता नामशेष झालेला सरपटणारा प्राणी) डोकं रेखाटलं, म्हणजे जवळपास 19 कोटी वर्षं जुनी शाई! कमाल आहे. आणि माशांच्या फॉसिल्सचा मोठा अभ्यासक लुई अगासी 1834 मध्ये तिथे आला तेव्हा माहिती या दोघींनीच पुरवली, त्यानं दोघींची नावं माशांना दिली हे चांगलं केलं, लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं (भूशास्त्रज्ञांची संस्था) मात्र बायकांना फेलो (सदस्य) करायला 1919 उजाडवलं.