नेरुळचं पाणी पेपरात का येत नाही?

नेरुळकर_सेक्टर10:
मंगळवारी दिवसभर नळाला पाणी नव्हतं. घरी दोन पेपर येतात. दोन्हींत पश्चिम उपनगरातली वाहतूक कोंडी, नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाच्या जलवाहिनीबद्दल एक अक्षर नाही. मालक कुठे बसतो त्यावर हे ठरतं का? लोकमत नागपूरच्या दर्डांचा, सकाळ पुण्याच्या पवारांचा, मटा टाइम्स समूहाचा, लोकसत्ता इंडियन एक्सप्रेसचा. आमच्याकडे लक्ष द्यायला यातलं कोण आहे?

माजी_वार्ताहर_ठाणे:
9 वर्षं ठाण्यात बातम्या दिल्या, म्हणून सांगतो. मालक नागपूरचा की पुण्याचा, आम्हाला काडीचा फरक पडला नाही. पानं जाहिरातीवर ठरायची. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, बिल्डरांच्या पानभर जाहिराती आल्या, तेव्हा कुठे ठाण्याला वेगळी पानं मिळाली. शहापूर-मुरबाड तेव्हाही चार ओळींत आणि आताही.
वर्धापनदिन आला की आमच्याकडे टार्गेट: नगरसेवकांच्या, शिक्षणसंस्थांच्या शुभेच्छा आणा. (बातमीदार की वसुलीवाला, बायकोने विचारलं होतं.) एका टॉवरला ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) नसल्याची बातमी मी दिली. छापून आली ती तिसऱ्या पानावर, बिल्डरचं नाव गाळून. त्याच पानावर खाली त्याचीच जाहिरात. मालकाचा फोन आला नव्हता. जाहिरातवाला मुलगा माझ्या पलीकडच्याच टेबलावर बसायचा.

उलवे_नोड:
दादा, मालकाला एवढ्यात सोडू नका. नवी मुंबई विमानतळात अदानींचे 74 टक्के, सरकारी सिडकोचे 26. एनडीटीव्ही 2022 च्या अखेरीस अदानींकडे गेलं, एनडीटीव्ही मराठी 1 मे 2024 ला सुरू झालं. कोणी काही दाबतंय असा माझा दावा नाही. पण प्रकल्पग्रस्तांच्या घरांची बातमी लागली की मी आधी चॅनलचा लोगो बघतो.

माजी_वार्ताहर_ठाणे:
हे मान्य. आमच्या वेळी चॅनल नव्हती, म्हणून डोक्यात आलं नाही. बाकी ठाण्यातून 1866 मध्ये 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघत होतं. आज 'ठाणेवैभव' आहे, आमच्या आळीत दोन घरी येतो.

नेरुळकर_सेक्टर10:
पाणी का गेलं ते शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवाल्याने सांगितलं. सोबत त्याचं रेटकार्डही.