पुढच्या चित्र-उपक्रमाला 'पोत' हा विषय हवा की नको?

रेघोटी
गटाच्या पुढच्या महिन्याच्या उपक्रमासाठी 'पोत' हा विषय सुचवतेय. जांभ्याची भिंत, फणसाची साल, गोधडीचे टाके, काहीही चालेल. फक्त पृष्ठभागाचा स्पर्श चित्रातून जाणवला पाहिजे. आकार आणि रंग यांवर आपण जीव ओततो, पण खडबडीत दगड आणि मऊ कापड एकाच हाताने रंगवून मोकळे होतो.

जलरंगी
माझा ठाम विरोध. 'पाऊस', 'बाजार' म्हटलं की काहीतरी सांगायला मिळतं. 'पोत' म्हटलं की लोक मॉडेलिंग पेस्ट (जाड उंचवटे करायचा लगदा) थापणार, सुरीने ओरखडे काढणार, झालं चित्र! ती पेस्ट कॉलेजातल्या मुलांना परवडते का? शिवाय आपण एकमेकांची चित्रं मोबाइलवर बघतो. तिथे जाड रंगही सपाटच दिसतो.

कातळखूण
दादा, पोत म्हणजे जाड थर हे कुणी ठरवलं? जर्मन चित्रकार ड्यूररचा १५०२ सालचा ससा बघा. जलरंगातलंच काम, कागद सपाट. आधी तपकिरी रंगाचा पातळ हात, मग त्यावर गडद आणि फिकट बारीक रेघा. अंगाच्या वळणाप्रमाणे रेघांची दिशा बदलते, म्हणून लव खरी वाटते. आणि तुमच्याच माध्यमात कोरडा ब्रश आहे की! पाणी टिपून घ्या, ब्रश आडवा धरून रफ, म्हणजे खरबरीत कागदावरून झरकन ओढा. रंग उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. उन्हातला कातळाचा सडा असाच उतरतो.
खर्चाचं म्हणाल तर नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासणं सगळ्यांनी केलंय. चित्रकार माक्स एर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर तेच केलं आणि त्या ठशांतून जंगलं, पक्षी काढले.

गेरू_चुना
सांगण्यासारखं काही नसतं, हे तर अजिबात पटत नाही. अमूर्त चित्रं काढणारे गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या सुरीने) रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे. त्यांच्या त्या चित्रांत ना माणूस, ना बाजार. तरी समोरून हलवत नाही.

जलरंगी
समोरून हलवत नाही, हेच म्हणतोय! गायतोंड्यांसमोर उभं राहावं लागतं. मोबाइलवर त्यातलं काय उरतं? ड्यूररचं मात्र मान्य, तो पडद्यावरही टिकतो. तरी नुसता 'पोत' फार मोकळा आहे. सगळ्यांना एकच वस्तू द्या: नारळ. बाहेर काथ्या, आत टणक करवंटी, त्याच्या आत ओलं खोबरं. तिन्ही वेगळे दिसले नाहीत तर चित्र फसलं, हे कुणालाही कळेल.

रेघोटी
नारळ पहिल्या आठवड्याला घेऊ, पण महिनाभर नको. मला गोधडी काढायचीय, ती सोडणार नाही. आणि जाड रंगवाल्यांनी फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, चित्र खिडकीशेजारी धरून उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या. उंचवट्यांची सावली पडते, मग मोबाइलवरही थर दिसतात.

जलरंगी
तिरप्या उजेडाची सक्ती करणार असाल तर सपाट कागदवाल्यांना वेगळ्या रांगेत ठेवा. चित्रं निवडायच्या एकाच मतदानात दोन्ही नकोत.