कानाच्या वरच्या कडेला टोचायचंय: सुई की गन? आणि भरायला नक्की किती दिवस?

केसांत_पेन

वय 15. पाळ्या लहानपणीच टोचलेल्या आहेत. आता डाव्या कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे हेलिक्सला, एकच टोचायचंय. घरून परवानगी आहे, आई सोबत येणार आहे. प्रश्न असे:

गनने एका सेकंदात होतं म्हणतात, मग सुईचा आग्रह कशाला? पहिल्यांदाच रिंग घातली तर चालेल का? डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे, त्याचं काय? आणि सुट्टी सहा आठवड्यांची आहे, तेवढ्यात भरून येईल ना? सुट्टीत पोहणंही चालू असतं.

सोळा_गेज

शेवटून सुरू करतो. सहा आठवड्यांत भरणार नाही. तो हिशोब पाळीचा. पाळीत कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा लवचीक टणक भाग, नसते आणि रक्तपुरवठा भरपूर असतो. वरची कड म्हणजे कूर्चा, आणि कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं, त्यातून झिरपून जे पोचेल त्यावर ती जगते. म्हणून हेलिक्सला सहा महिने ते वर्षभर धर. जखम दोन्ही तोंडांकडून आत भरत जाते, मधला भाग सगळ्यात शेवटी. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वरून कोरडं दिसतं, दुखत नाही, मग लोक दागिना बदलतात आणि आतली कोवळी कातडी फाटते.

गनबद्दल. ती बोथट टोकाची खुंटी स्प्रिंगच्या जोरावर घुसवते. मऊ पाळी ते सोसते. कूर्चा चिरडली जाते आणि वरचं आवरण सुटू शकतं. प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, टाकता येत नाही, नुसती पुसून घेतात. शिवाय खुंटी आखूड आणि मागचा चाप घट्ट. कान सुजला की सुजेला जागाच नाही, चाप मांसात रुततो. पोकळ सुई धारदार असते, स्वच्छ चीर देते आणि एका माणसाला वापरून फेकून देतात. तिलाही लागतो एक सेकंदच!

रिंग आत्ता नको. रिंग फिरते, तिच्यावर वाळलेला स्राव छिद्रात ओढला जातो, आणि तिची गोलाई सरळ छिद्राच्या कडांवर दाब देते. सुरुवातीला सरळ दांडी, मागे चपटी चकती, ज्याला फ्लॅटबॅक लॅब्रेट म्हणतात. जाडी 16 गेज, म्हणजे सुमारे 1.2 मिमी. लांबी बहुतेक कानांना 8 मिमी लागते. ती थोडी जास्त वाटेल, ती जागा सुजेसाठी ठेवलेली असते. धातू इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम, एएसटीएम एफ 136. नुसतं 'सर्जिकल स्टील' लिहिलेलं असेल तर त्यावरून ॲलर्जी करू शकणारं निकेल किती सुटेल ते कळत नाही. 14 किंवा 18 कॅरेट सोनं निकेलशिवायचं असेल तर ठीक, मुलामा दिलेलं अजिबात नको.

आता सगळे विसरतात ती गोष्ट. सहा ते आठ आठवड्यांनी सूज उतरली की परत जाऊन त्याच माणसाकडून दांडी 6 मिमीची करून घ्यायची. लांब दांडी तशीच राहिली तर हलत राहते, केसांत अडकते, छिद्र हळूहळू तिरकं होतं. हेलिक्सच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असावं असं माझं मत.

टोचताना बघायचं ते: सुईचं सीलबंद पाकीट तुझ्यासमोर फुटलं पाहिजे. खूण केल्यावर ताठ बसून आरशात बघ. पसंत नसेल तर पुसून पुन्हा करायला सांग, चांगला पिअर्सर कुरकुरत नाही. जाण्याआधी दोनेक तासांत नीट जेव. रिकाम्या पोटी चक्कर येणारे बरेच असतात.

कर्णोपकर्णी

वरच्याला अनुमोदन. काळजी आणि संसर्गाचं मी लिहिते.

निर्जंतुक सलाईन, 0.9 टक्के सोडियम क्लोराईड, दिवसातून दोनदा, पुढून आणि मागून. घरी मीठ विरघळवून करू नकोस, ते बहुतेक वेळा जास्तच खारट होतं आणि कातडी वाळवतं. फवारल्यावर एक-दोन मिनिटं थांब, खपली मऊ झाली की गॉजने टिप. कापूस नको, त्याचे धागे दांडीभोवती गुंडाळले जातात. मग कोरडं कर. मागची बाजू ओली राहणं हे फार जणांचं चुकतं. दांडी फिरवायची नाही. 'चिकटू नये म्हणून फिरवा' हा सल्ला फक्त जखम उघडी ठेवतो. स्पिरिट आणि पेरॉक्साईड नव्या पेशींना मारतात. मलम छिद्र बुजवून ओल कोंडतं.

पांढरट-पिवळसर स्राव येऊन वाळणं, पहिले काही दिवस थोडी लाली, उष्णपणा, ठणका हे सगळं अपेक्षितच. घाबरायचं ते असं: कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, लाली छिद्राभोवती न राहता कानभर पसरली, कान फुगून पुढे आला, हात लावला तरी कळ, ताप. आणि एक खूण फार बोलकी आहे: वरचा कान लालबुंद पण पाळी मात्र नेहमीसारखी. पाळीत कूर्चा नाही, म्हणून ती सुटते. म्हणजे संसर्ग कूर्चेच्या आवरणात गेलाय. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही.

कारण इथे बरेचदा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत, म्हणून घरातलं उरलेलं अँटिबायोटिक घेणं म्हणजे वेळ घालवणं. आवरणाखाली पू साठला की कूर्चेचं पोषण तुटतं, ती मरते आणि कान सुरकुतून आकार बदलतो. तो आकार परत आणायचा तर शस्त्रक्रियाच. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये 2000 साली एकाच टोचणाऱ्या दुकानातून अशा संसर्गांची साथ निघाली, आणि जंतू सापडला तो जंतुनाशकाच्याच पुन्हा पुन्हा भरलेल्या फवाऱ्याच्या बाटलीत. संसर्गाची शंका आली तर दागिना स्वतः काढू नकोस, तो ठेवायचा की काढायचा हे डॉक्टर ठरवतील.

स्यूडोमोनास पाण्यात राहणारा, म्हणून पहिले दीड-दोन महिने तरी पोहणं बंद, तलाव असो की नदी. वॉटरप्रूफ पट्टी कानाच्या घडीवर नीट बसत नाही, आणि पोहण्याची टोपी नेमकी त्याच कडेवर दाबते. पोहणं सोडायचं नसेल तर टोचणंच पुढे ढकल.

टोचण्याआधी धनुर्वाताची लस चालू आहे ना ते पाहा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचार, त्यावर जखमा उशिरा भरू शकतात.

निमूट

झोपेसाठी: मधे भोक असलेली उशी, प्रवासात मानेला लावतात तीसुद्धा चालते. कान भोकात सोडायचा. उजव्या कुशीवर झोपेन असं ठरवून काही होत नाही, माणूस झोपेत वळतोच. उशीचा अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदल.

बाकी अडकणाऱ्या गोष्टी: टॉवेल, कंगवा, मास्कचा इलॅस्टिक, हेडफोन, हेल्मेट. हेल्मेट काढताना पट्टे दोन्ही बाजूंना ताणून धर. केस रंगवायचे असतील तर टोचण्याआधीच उरकून घे.

केसांत_पेन

म्हणजे पोहण्याचा मोसम संपल्यावरच. अजून एक, गाठ येते ती केलॉइडच असते का? मावशीला खांद्यावर आहे.

सोळा_गेज

बहुतेक वेळा नाही. पहिल्या काही महिन्यांत छिद्राला चिकटून आलेली लालसर, ओलसर गाठ चिडचिडीची असते: त्या कुशीवर झोपणं, लांब दांडी, धक्का, तिरकं छिद्र. कारण काढलं की काही आठवड्यांत बसते. फोडायची नाही, त्यावर टी ट्री तेल थापायचं नाही. केलॉइड उशिरा येतं, टणक असतं आणि जखमेची हद्द ओलांडून वाढत राहतं. दागिना काढला तरी जात नाही.

कर्णोपकर्णी

मावशीचं आधीच सांगितलंस ते बरं केलंस. केलॉइडची प्रवृत्ती घराण्यात चालते, आणि 11 वर्षांनंतर टोचलं तर केलॉइडची शक्यता त्याआधीपेक्षा जास्त असते. लहानपणच्या पाळ्या नीट भरल्या म्हणून हेलिक्सही भरेल असं धरू नकोस. तुझ्या स्वतःच्या लसीचे, मुरमांचे, खरचटल्याचे वण उंचावलेले आहेत का ते बघ. असतील तर टोचण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव.

निमूट

अवांतर: पुढचा मणी आठवड्यातून एकदा स्वच्छ हातांनी घट्ट आहे का बघत जा. झोपेत पडतो आणि दांडी मागून निसटते. ताजं छिद्र काही तासांतही आकसतं. घरी रेटून घालू नकोस, त्याच दिवशी टोचणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळती होत गेलेली सळई, असतो, त्याने बरेचदा पुन्हा घालता येते.