गाळ काढला, पाणी वाढलं, पण मरळ गेली. पाणवनस्पती पुन्हा लावता येतील का?

ढिवरटोला
नमस्कार जी. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जिल्हा गोंदिया. आमचा मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातला) तलाव अंदाजे १५ हेक्टरचा, मासेमारी आमच्या ढिवरांच्या सोसायटीकडे. ३ वर्षांआधी उन्हाळ्यात जेसीबी लावून गाळ काढला. पाणी वाढलं, हे खरं. पण काठ सरळ तासला गेला. दोन पावलं आत गेलं की छातीभर पाणी लागते.

आधी काठानं देवधान (जंगली भात), लव्हाळ्यासारखी गाद, आत पाण्याखाली वाढणारा चिला असायचा. त्या वनस्पतींतच मरळ अंडी घालायची. पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा तांबडा झुबका वर यायचा आणि खाली मायबाप राखण करत फिरायचे. मागच्या २ वर्षांत तो झुबका एकदाही दिसला नाही. रोहू-कटल्याचं बीज दरसाल विकत आणावं लागते, ते इथं थांबल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. मरळ तर आमची घरचीच होती.

कोकणात चिखलात कांदळवनाची रोपं लावतात, ते टीव्हीवर पाहिलं. तसंच दुसऱ्या तलावातून चिला आणून लावला तर जगेल का?

बोडीवाला
भाऊ, सोसायटीनं गवत्या सोडला होता का? ग्रास कार्प तो. आमच्या बोडीत (लहान तळ्यात) त्यानं एका हंगामात सारा चिला खाल्ला. तो असेपर्यंत काही लावू नका.

साकोलीकर
ढिवरटोला भाऊ, मी गावी परतायच्या आधी ६ वर्षं रायगडकडे कांदळवनाच्या रोपवाटिकेत काम केलं. तुम्ही तेच उदाहरण काढलं म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी आम्ही कांदळाची रोपं उघड्या चिखलात, पार ओहोटीच्या रेषेजवळ लावली. जागा मोकळी दिसली, एवढाच विचार. तिथं रोप दिवसातून इतका वेळ पाण्याखाली राहायचं की बुंध्यावर बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवांचे कडक कवच चढले आणि दिवाळीपर्यंत रांगाच्या रांगा आडव्या. ते आडवं पडलेलं रोप हातात घेतलं तेव्हा मला समजलं की रोपात खोट नव्हती, आम्ही पाणीच वाचलं नव्हतं.

तामिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनात याच्या उलट केलं. तिथं पूर्वी पट्ट्यापट्ट्यानं झाडं तोडल्यावर जमीन खचली, भरतीचं पाणी साचून राहिलं, उन्हानं आटून खारेपणा इतका वाढला की काही उगवेना. १९९० च्या दशकात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वनखात्यानं आधी माशाच्या काट्यासारखे चर खोदून भरती-ओहोटी पुन्हा आत फिरवली. मग लागवड. म्हणून ती धरली.

तुमच्या तलावात भरती नाही, पण गोष्ट तीच. तासलेल्या काठावर मुळाला टेकायला उथळ जागाच नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की पाळीची (बांधाची) बाजू सोडून एका काठाला उतार करा. पाळीला हात लावू नका जी, ती फुटली तर गाव जाईल. जिथं जुना गाळ शिल्लक असेल, तिथला थोडा आणून त्या उतारावर पसरा. त्यात बी असते, अर्धं काम ते करते.

लावायच्या आधी एक करा. घरची स्टीलची पांढरट ताटली दोरीनं आडवी बांधून पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते तिथं दोरीला गाठ मारा. चिला त्या गाठीपेक्षा उथळ पाण्यातच लावा, खाली उजेड कमी पडतो. मुळाशी मातीचा गोळा बांधून खोचा आणि भोवती बांबूची ताटी ठोका, नाहीतर म्हशी दोन दिवसांत संपवतील. दुसऱ्या तलावातून आणताना बेशरमीचं (काठानं माजणाऱ्या त्या झुडपाचं) एक कांडकंही येऊ देऊ नका.

ढिवरटोला
बोडीवाला दादा, होय, गवत्या सोडला होता. २ पिशव्या. बाबांना आज विचारलं तेव्हा समजलं. आता जाळ्यात आला की परत सोडायचा नाही, असं सोसायटीत मांडतो.

साकोलीकर काका, ताटली सोडून पाहिली. एक वीत आणि चार बोटं, तेवढ्यातच दिसेनाशी झाली. उतार बराच लांब करावा लागेल वाटते. माय म्हणते पश्चिमेच्या कोपऱ्यात चिंचेखाली जेसीबी पोचला नव्हता, तिथं तिनं मागच्या कार्तिकात देवधानाच्या लोंब्या पाहिल्या. उद्या सकाळी डोंगा घेऊन तिलाच सोबत नेतो.