पकड सोडवण्यासाठी लिहून दिलेली चंबळकाठची जमीन परत मिळेल का?

लश्करची_लेक:
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लश्कर भागात चार पिढ्या. जागीर गेली तेव्हा आमची थोडी खुदकाश्त (स्वतः कसायची) जमीन उरली होती अंबाह तहसीलीत, उसैद घाटाजवळ, चंबळ ओलांडली की पिनाहट म्हणजे यूपीच. १९७० ला आजोबांच्या धाकट्या भावाची पकड झाली, म्हणजे डाकूंनी खंडणीसाठी पळवून बीहडात, चंबळच्या घळींत नेलं. गावातल्याच एका बड्या माणसानं मध्ये पडून सोडवून आणलं पण त्याआधी सगळी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. एक पैसा मिळाला नाही असं आजी शेवटपर्यंत सांगायची, कागदावर मात्र "रक्कम पावली". झेरॉक्स आहे माझ्याकडे, आजोबांची सही ओळीच्या खाली घसरलीये आणि साक्षीदारांत एक त्या माणसाचाच मुनीम! आता तिथं रोडचा सर्वे चाललाय, मुआवजा (भरपाई) त्याच्या नातवांना मिळणार. बाबा म्हणतात सोड, मला नाही सोडवत. जबरदस्तीनं लिहून घेतलेला कागद मुळातच बाद असतो ना?

कचेरीवाला:
नाही ना ताई, इथंच लोक फसतात. काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ च्या कलम १९ प्रमाणे धाकानं झालेला व्यवहार आपोआप बाद होत नाही, ज्याला धाक दाखवला त्यानं तो रद्द करून घ्यायचा असतो. आणि दस्त रद्द करायला मुदत तीन वर्षं, लिमिटेशन अ‍ॅक्ट १९६३, आर्टिकल ५९. तुम्ही म्हणाल बीहडात बंदुका होत्या तोवर कोर्टात जाणार कोण, बरोबर, पण १९७२ ला जौऱ्यात जयप्रकाश नारायणांसमोर डाकूंच्या मोठमोठ्या टोळ्यांनी हत्यारं टाकली, अगदी ओढूनताणून तिथून मोजलं तरी सत्तरच्या दशकातच खेळ संपला.

मुरारकर:
थांबा, आधी रजिस्ट्री झाली होती का ते तर बघा! नुसत्या स्टँपपेपरवर लिखापढी असेल तर शंभर रुपयांवरच्या जमिनीची विक्री होतच नाही, ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टचं कलम ५४. खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) त्यांचं नाव चढलं म्हणून मालकी येत नाही, नामांतरण फक्त लगान कोणाकडून घ्यायचा त्यासाठी असतं, सुप्रीम कोर्टानं कितीदा सांगितलंय.

कचेरीवाला:
@मुरारकर मान्य, पण मग लिमिटेशन अ‍ॅक्टचं आर्टिकल ६५ आडवं येतं. बारा वर्षं उघडपणे मालक म्हणून जमीन कसली की मूळ मालकाचा हक्कच जातो, त्याच कायद्याचं कलम २७. इथं तर पन्नास वर्षं होऊन गेली.

अंबाहचा_भाचा:
माझं आजोळ तिकडचंच म्हणून बोलतो, राग मानू नका. त्या काळात अशी दोन प्रकारची माणसं होती. काहींनी खरंच स्वतःचे पैसे घालून पकड सोडवली आणि त्या बदल्यात जमीन घेतली, आणि काहींचं टोळीशीच साटंलोटं, मुखबिरी करून (टोळीला खबर देऊन) पकड करवायची आणि मग देवमाणूस बनून यायचं. कायद्यातही फरक पडतो, कारण काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम १५ मध्ये धाक खरेदीदारानंच द्यायला हवा असं नाही, तिसऱ्यानं दिला तरी चालतो, पण तो कागदावर सही करून घेण्यासाठीच हवा. टोळीला फक्त फिरौती (खंडणी) हवी होती आणि तुम्ही ती भरायला जमीन विकली तर ती अडचणीतली विक्री झाली, जबरदस्ती नाही. तुमच्या केसमध्ये मुनीम साक्षीदार म्हणजे मला दुसरा प्रकार वाटतो, पण सिद्ध कोण करणार, दोन्ही बाजूचे म्हातारे गेले.

लश्करची_लेक:
आत्ता झेरॉक्स नीट बघितली, मागे सब-रजिस्ट्रारचा शिक्का आहे. म्हणजे मुरारकरकाकांचा रस्ता बंद 😕 मुआवज्यात तरी हरकत घेता येईल का?

कचेरीवाला:
घेता येईल, वाटपाचा वाद असेल तर कलेक्टर तो पुढे पाठवू शकतो, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ७६ आहे. पण तिथंही विचारणार मालकी कशावरून, आणि गाडी परत १९७० च्या कागदावर येणार. रजिस्टर्ड दस्त खराच धरून चालतात, खोटा म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. दावा टाकलात तरी जमीन जिथं तिथलंच कोर्ट, ग्वाल्हेरहून प्रत्येक तारखेला तुम्हीच जाणार. आधी दस्ताची सर्टिफाइड कॉपी काढा, त्यात सगळे खसरा नंबर आलेत का ते ताडून बघा, एखादा नंबर सुटला असेल तर तेवढ्यापुरतं वकिलाला विचारण्यासारखं आहे.